फ्रॉइडचं साधं ‘ते’ आणि गाइडमधलं ‘इदम्’

दुपारचा चहा
सोमवार, दुपारी ३:१०

लेक एफवायबीएला आहे, मानसशास्त्र घेतलंय. काल रात्री गाइड घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून घोकायला लागली, “इदम् सुखतत्त्वानुसार चालते, अहम् वास्तवतत्त्वानुसार चालते, पराहम् नीतितत्त्वानुसार चालते...” सुरात. मला वाटलं अथर्वशीर्ष चाललंय. विचारलं, “इदम् म्हणजे काय गं?” तर म्हणाली, “चार मार्क.”

म्हणून हा धागा. आधीच सांगते, मानसशास्त्रात माझी पदवी नाही. फार पूर्वी मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकले, भाषांतराची किरकोळ कामं करते, तेवढ्या जोरावर लिहितेय.

व्हिएन्नाचा सिग्मुंड फ्रॉइड, मनोविश्लेषणाचा जनक. त्याच्या १९२३ च्या पुस्तकाचं नाव आहे ‘दास इश उंड दास एस’. ‘इश’ म्हणजे मी. ‘एस’ म्हणजे ते. नपुंसकलिंगी सर्वनाम, भाषेच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिसरा ‘यूबर-इश’, म्हणजे वरचा मी, माझ्याच डोक्यावर बसलेला मी. बस. लहान पोरालाही कळतील असे शब्द. ‘एस’ हा शब्द त्याने गेओर्ग ग्रोडेक नावाच्या डॉक्टरकडून घेतला आणि तसं कबूलही केलं.

आता मराठीत बघा. “मला राहवलं नाही.” “तोंडून निघून गेलं.” “रडू फुटलं.” कोणी फोडलं? मी नाही फोडलं. ते फुटलं. फ्रॉइडला जे म्हणायचं होतं ते आपलं व्याकरण रोज म्हणतं.

मग झालं काय? इंग्रजी भाषांतरांत (१९२७ मध्ये जोन रिव्हिएर, पुढे जेम्स स्ट्रेचींची चोवीस खंडांची आवृत्ती) ‘मी’चा इगो झाला आणि ‘ते’चा इड. लॅटिन. डॉक्टरी पेशाला शोभेलसं. तिथून ते आपल्याकडे आलं तेव्हा कुणा प्राध्यापकांनी इडचं इदम् केलं. ध्वनीही जुळला, अर्थही जवळपास जुळला, त्यांच्या हुशारीला दाद देते. पण ‘ते’ला दोनदा सोवळं नेसवलं गेलं, एकदा लॅटिनचं, एकदा संस्कृतचं. आता त्याला शिवायची सोय नाही, नुसतं घोकायचं.

बोलण्यात शब्द चुकतो त्याला फ्रॉइड ‘फेललाइस्टुंग’ म्हणतो, म्हणजे साधारण ‘फसलेली कामगिरी’. त्यात थट्टा आहे. इंग्रजीत त्याचं ‘पॅराप्रॅक्सिस’ झालं. ह्या शब्दाला कोण हसेल? बाईमाणसाशी गप्पा मारल्यासारखं लिहिणारा माणूस होता हा. १९३० साली फ्रांकफुर्टने त्याला महाकवी ग्योटंच्या नावाचं पारितोषिक दिलं.

माझं म्हणणं इतकंच, की साध्या शब्दांत सांगितलं की हे सगळं निसर्गनियम वाटत नाही. एका माणसाने, एका शहरात, स्वतःकडे आणि समोर कोचावर पडलेल्या मूठभर लोकांकडे बघून केलेली निरीक्षणं वाटतात. आणि ती तशीच होती असं मला वाटतं. जाणकारांनी झोडावं.


टिवल्याबावल्या
सोमवार, दुपारी ३:२४

“चार मार्क” ला दंडवत. पोरगी फ्रॉइडच्या पुढे जाणार.


जुनी वही
सोमवार, सायंकाळी ५:०२

उत्तम लेखन. मात्र हे आपल्याला नवीन नाही. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम, बुद्धी हा सारथी असे स्पष्ट सांगितले आहे. फ्रॉइडनेही ‘मी’ला घोडेस्वाराची उपमा दिल्याचे वाचले आहे. आपल्या ऋषींनी जे हजारो वर्षांपूर्वी सांगितले तेच त्याने पुन्हा सांगितले.


दुपारचा चहा
सोमवार, सायंकाळी ५:४०

काका, उपमा दिली आहे हे खरं, त्याच १९२३ च्या पुस्तकात. पण त्याचा स्वार कसा आहे बघा. घोड्यावरून पडायचं नसेल तर घोड्याला जिकडे जायचंय तिकडेच त्याला न्यावं लागतं, आणि वर ‘मीच नेतोय’ असा आव आणावा लागतो. कठोपनिषदात रथात मालक बसलाय, आत्मा. फ्रॉइडच्या रथात मागची जागा रिकामी आहे. १९१७ साली त्याने लिहिलंय की ‘मी’ हा स्वतःच्या घरातही धनी नाही. घोडे दोन्हीकडे आहेत म्हणून गाव एकच असं नाही ना.

आणखी एक आवडलेलं. १९३३ च्या व्याख्यानांत तो म्हणतो, दोन धन्यांची चाकरी एकाला जमत नाही म्हणतात, ह्या बिचाऱ्या ‘मी’ला तर तीन धनी आहेत: बाहेरचं जग, वरचा मी आणि ते. एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेची आठवण झाली.


मीठभाकर
सोमवार, रात्री ८:१५

चहाताई, मधली सून वाचून आमच्या घरातून +१ आला आहे.

पण मला फ्रॉइडच्या त्या बालपणाच्या टप्प्यांबद्दल विचारायचंय. मुखावस्था, गुदावस्था वगैरे. पोरगं लहानपणी कसं शी करायला शिकलं त्यावर ते मोठेपणी कंजूष होणार का हे ठरतं, असं कुठंतरी वाचलं. खरंच असं लिहिलंय का त्यांनी? आमच्याकडे शेताच्या बांधावर सगळं मोकळंढाकळं, तरी गावात चिकट माणसं काय कमी नाहीत.


सोनटक्का
सोमवार, रात्री १०:३०

मीठभाकर, खरंच लिहिलंय. १९०८ चा छोटासा लेख आहे. नीटनेटकेपणा, काटकसर आणि हट्ट हे तीन गुण त्याला काही रुग्णांत कायम एकत्र दिसले. त्याने त्यांचा धागा बालपणीच्या शौचाच्या सवयीशी जोडला: मूल पहिल्यांदा ‘देणं’ आणि ‘धरून ठेवणं’ तिथे शिकतं, आईची मर्जी तिथे पहिल्यांदा सांभाळतं किंवा मोडतं. पुढे बर्लिनच्या कार्ल आब्राहमने मुखावस्थेवरून असेच स्वभाव मांडले. आपण कंजूष माणसाला ‘चिकट’ म्हणतो, पैसा त्याच्या हातून सुटत नाही म्हणतो. त्यामुळे उपमा म्हणून हे पटतं. कारण म्हणून नाही पटत. तीन गुण एकत्र दिसतात इथवर ठीक, पण त्याचं मूळ पोटीवर आहे हे कुणी दाखवू शकलेलं नाही.

मी समुपदेशनाचं काम करते, रोज मुलं बघते, म्हणून मला ह्या सगळ्यात एक गोष्ट फार खटकते. बालपणाच्या विकासाचा एवढा मोठा सिद्धांत, पण तो मुलांना बघून फारसा उभा राहिलेलाच नाही. प्रौढ माणसं कोचावर पडून जे आठवतील त्यावरून मागे मागे जात बांधलेला आहे. फ्रॉइडची लहान मुलाची एकच मोठी केस, ‘छोटा हान्स’, १९०९ मध्ये छापलेली. पाच वर्षांचा मुलगा, घोड्यांना घाबरतो, रस्त्यावर जायला तयार नाही. त्याने घोडागाडीचा घोडा रस्त्यात कोसळताना पाहिलेला होता. फ्रॉइडने निष्कर्ष काढला, घोडा म्हणजे बाप. आई हवी म्हणून बापाची भीती.

आता गंमत. उपचार केले मुलाच्या बापाने. बाप फ्रॉइडच्या मंडळातला, आई फ्रॉइडची जुनी रुग्ण. बाप मुलाला प्रश्न विचारायचा, टिपून घ्यायचा, फ्रॉइडला पाठवायचा. त्या सगळ्या प्रकरणात फ्रॉइड मुलाला भेटला एकदा. बापाच्या डोक्यात सिद्धांत आधीच बसलेला, मग मुलगा काय बोलणार? माझ्याकडे एखाद्या पालकाने अशी वही भरून आणली तर मी वही बाजूला ठेवून मुलाला आत बोलावीन.

आणि तरीही ती केस वाचताना मी हलते. कारण १९०९ साली कुणीतरी पाच वर्षांच्या मुलाच्या भीतीला ‘नाटकं करतोय, दोन फटके द्या’ असं न म्हणता, ह्या भीतीला काहीतरी अर्थ आहे असं म्हणत होतं. तो मुलगा हर्बर्ट ग्राफ पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा दिग्दर्शक झाला. १९२२ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो फ्रॉइडला भेटायला गेला. स्वतःची केस वाचली होती त्याने. त्यातलं काहीही त्याला आठवत नव्हतं.


पुरावा द्या
मंगळवार, सकाळी ७:५०

सोनटक्का यांनी अर्धं काम केलंच आहे. उरलेलं मी करतो.

हे विज्ञान नाही. विज्ञान कशाला म्हणावं यावर लिहिणारा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर व्हिएन्नाचाच. तरुणपणी फ्रॉइडपासून फुटून निघालेल्या आल्फ्रेड आडलरच्या मुलांसाठीच्या केंद्रांत काम करत होता. १९१९ मध्ये त्याने आडलरला एका मुलाची हकिकत सांगितली, जी त्याला स्वतःला आडलरच्या सिद्धांतात बसेलशी वाटत नव्हती. आडलरने मुलाला न बघताच ती न्यूनगंडात बसवून दाखवली. पॉपरने विचारलं, एवढी खात्री कशी? उत्तर आलं, हजार वेळा अनुभव घेतलाय म्हणून. पॉपर म्हणाला, आता ह्या केसमुळे एक हजार एक झाले.

जो सिद्धांत कधीच चुकू शकत नाही तो काहीच सांगत नाही. मुलगा बापाशी भांडला, इडिपस (आईची ओढ, म्हणून बापाशी वैर). नाही भांडला, दडपलेला इडिपस. असल्या गोष्टी पुराव्याशिवाय मान्य करायची मला सासू नाही.


टिवल्याबावल्या
मंगळवार, सकाळी ७:५८

काय नाही?


रानजाई
मंगळवार, सकाळी ९:१५

😂😂 कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

बाकी, सासू बाजूला ठेवून एक गंभीर मुद्दा. ‘लिंगमत्सर’ हा शब्द आमच्या पाठ्यपुस्तकात होता. मुलींना आपल्याकडे एक अवयव कमी आहे हे कळतं आणि त्यातून त्यांचा स्वभाव घडतो म्हणे. वर्गात साठपैकी पन्नास मुली. बाईंनी तो परिच्छेद “तुम्ही घरी वाचा” म्हणून सोडला. कारेन हॉर्नायबद्दल एक ओळ नव्हती.

हॉर्नाय बर्लिनमधली मनोविश्लेषकच, बाहेरून दगड मारणारी नव्हे. १९२६ मध्ये तिने सरळ दोन रकाने मांडले: लहान मुलगा मुलींबद्दल काय समजतो, आणि आपला सिद्धांत स्त्रियांबद्दल काय म्हणतो. दोन्ही ओळीनं ओळ जुळतात. म्हणजे चार-पाच वर्षांच्या पोराची समजूत शास्त्र म्हणून छापली गेली होती! शिवाय तिने विचारलं की पुरुषांना गर्भारपणाचा, जन्म देण्याचा, पाजण्याचा हेवा वाटत असेल त्याचं काय? १९३२ ला ती अमेरिकेत गेली. तिथे मंदीचे दिवस. समोर येणारी माणसं वेगळी, त्यांची दुखणी वेगळी, नोकरी जाण्याची, एकटेपणाची. तेव्हा तिने म्हटलं की स्वभाव घडतो तो शरीरातल्या प्रेरणांपेक्षा आजूबाजूच्या संस्कृतीने आणि लहानपणी घरात वाटलेल्या असुरक्षिततेने. १९४१ मध्ये तिथल्या संस्थेने तिचं शिकवणं काढून घेतलं, तर तिने वेगळी संस्था काढली.

“मी असं असायलाच हवं” ह्या हुकमांची जुलूमशाही, हेही तिचंच. आमच्या घरी तिला ‘लोक काय म्हणतील’ म्हणतात.


मीठभाकर
मंगळवार, दुपारी १:०५

न्यूनगंड हा आडलरचा शब्द हे मला ठाऊक नव्हतं! आमच्या तालुक्यात कुणी इड-इगो म्हणत नाही, पण न्यूनगंड पानपट्टीवरसुद्धा निघतो. “त्याला इंग्रजीचा न्यूनगंड आहे.” मग ह्या माणसाबद्दल अजून सांगा की कुणी.


सोनटक्का
मंगळवार, रात्री ९:४५

बरोबर पकडलंत. मराठीने फ्रॉइड परीक्षेला ठेवला आणि आडलर घरात घेतला.

आडलरचं लहानपण वाचलं की त्याचा सिद्धांत वेगळा शिकवावा लागत नाही. जन्म १८७०, व्हिएन्नाच्या कडेची वस्ती, मुडदूस झालेला, नीट पळता येत नाही. मोठा भाऊ धट्टाकट्टा. धाकटा भाऊ त्याच्या शेजारच्या अंथरुणात दगावला. मग ह्यालाच न्यूमोनिया, आणि मुलगा हातचा गेला असं डॉक्टर म्हणताना ह्याने ऐकलं. वाचला तेव्हा ठरवलं, डॉक्टर व्हायचं. कमीपणाची जाणीव, ती भरून काढायची धडपड, त्यातून घडणारी जगण्याची शैली: सगळं त्या एका खोलीत आहे. आणि त्या थोरल्या भावाचं नाव काय असेल? सिग्मुंड.

१९०२ पासून दर बुधवारी फ्रॉइडच्या बेर्गगास १९ मधल्या घरी चार-पाच डॉक्टर जमायचे, त्यांत आडलर पहिल्यापासून होता. १९११ मध्ये बाहेर पडला. माणसाला मागून ढकलणाऱ्या वासनेपेक्षा पुढे ओढणारं ध्येय महत्त्वाचं, हा त्याचा हेका. मला माझ्या कामात तोच जास्त उपयोगी पडतो. “हे मूल असं का वागतं” याच्या जोडीला “असं वागून त्याला काय मिळवायचंय” हे विचारलं की पालकांनाही पटकन कळतं.

जन्मक्रमावरून स्वभाव सांगतो, ते मात्र जपून घ्या. थोरला जबाबदार, मधला शर्यतीतला, शेंडेफळ लाडोबा. आडलर स्वतः दुसरा होता, त्याला दुसऱ्याचं मन कळणारच.


मीठभाकर
मंगळवार, रात्री १०:१०

आमच्या वाड्यात चुलत धरून अकरा पोरं. आईच्या पोटचा मी थोरला, वाड्यात सातवा, आजीच्या हिशेबात ‘मधल्याचा मोठा’. आडलरसाहेबांनी मला कुठं बसवलं असतं?


दुपारचा चहा
मंगळवार, रात्री १०:५२

फ्रॉइडच्या घरीच बसवलं असतं. त्याच्या वडिलांचं आधीचं लग्न झालेलं. आई वडिलांपेक्षा वीस वर्षांनी लहान. सावत्र भाऊ आईच्या वयाचे. आणि सगळ्यात जवळचा खेळगडी म्हणजे सावत्र भावाचा मुलगा, नात्याने पुतण्या, पण वयाने ह्याच्याहून वर्षभर मोठा. अशा घरातल्या लहान मुलाला बाप कोण, प्रतिस्पर्धी कोण, आई नक्की कोणाच्या जोडीची, हा गोंधळ पडला तर नवल काय? इडिपसची कल्पना त्याने पहिल्यांदा १८९७ मध्ये मित्राला, फ्लीसला, पत्रातून कळवली, आणि ती स्वतःच्याच आठवणींवरून. पुढच्याच श्वासात ती सगळ्या मानवजातीची झाली. मला त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. ‘मला असं झालं’ वरून ‘सगळ्यांना असं होतं’ वर जी उडी मारली, तिथे मी काठावर थांबते.


हुगळीकाठचा
बुधवार, सकाळी ८:२०

उशिरा येतोय. कोलकात्यात अठरा वर्षं आहे, त्यामुळे इथली बाजू मांडतो.

‘सगळ्यांना’ ह्या शब्दावर फ्रॉइडला हटकणारा माणूस इथलाच, गिरींद्रशेखर बसू. डॉक्टर, संमोहनाचा नाद असलेला. १९२१ मध्ये त्यांचा दमनावरचा, म्हणजे इच्छा मनात दडपून टाकण्यावरचा, प्रबंध छापून झाला, तो त्यांनी फ्रॉइडला पाठवला, आणि पत्रव्यवहार सुरू झाला तो १९३७ पर्यंत टिकला. १९२२ मध्ये इथे मनोविश्लेषणाची भारतीय संस्था निघाली, १४ पारशीबागान लेनमध्ये, बसूंच्या घरी. दोघे कधी भेटले नाहीत.

बसूंचं म्हणणं थोडक्यात: प्रत्येक इच्छेच्या पोटात तिची उलटी इच्छा असते. मारावंसं वाटतं त्याच्या तळाशी मार खावासा वाटणं असतं. दमन होतं ते ह्या जोडीतल्या एकीचं. आणि इडिपसबद्दल त्यांनी स्पष्ट कळवलं की माझ्या हिंदुस्थानी पुरुष रुग्णांत मला बापाकडून अवयव गमावण्याची भीती युरोपीय रुग्णांसारखी ठळक दिसत नाही. उलट बाई व्हावं ही इच्छा दिसते. फ्रॉइडने आदराने उत्तर दिलं, पण आपलं म्हणणं सोडलं नाही.

पंचाहत्तरीला कोलकात्याहून फ्रॉइडला हस्तिदंती विष्णू गेला. तो त्याने टेबलावर ठेवला. आभाराच्या पत्रात मात्र परदेशांत मनोविश्लेषणाने मिळवलेल्या विजयांची आठवण म्हणून ही मूर्ती राहील अशा अर्थाचं लिहिलं. बसू वाद घालत होते आणि फ्रॉइड मुलूख जिंकल्याची नोंद करत होता. ते वाचून चिडचिड होते.

फ्रॉइडचा एकेकाळचा सहकारी, स्विस मानसोपचारतज्ज्ञ युंगही इथे येऊन गेला. १९३८ च्या सायन्स काँग्रेससाठी बोलावलं होतं. कोलकात्यात हगवण लागून इस्पितळात पडला.


जुनी वही
बुधवार, दुपारी १२:३०

बसूंविषयी काहीच ठाऊक नव्हते. आभार. उपनिषदांकडे धाव घेण्यापेक्षा हे आधी वाचायला हवे होते, हे मान्य.

इडिपसवरून आठवले. इरावती कर्वे यांनी १९५० साली एका इंग्रजी नियतकालिकात इडिपसकथेचे (नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ग्रीक राजाच्या कथेचे) मराठी रूप प्रसिद्ध केले होते. त्यात सटवाई आहे, आणि कथा मुलाच्या नव्हे तर आईच्या अंगाने जाते. भविष्य तिला कळते, टाळण्याची धडपडही तीच करते. मुलाला पत्ताच नाही.


रानजाई
बुधवार, दुपारी १२:४८

अरे वा! म्हणजे आपल्या कथेत ‘मुलाला आई हवी’ हा प्रश्नच नाही, बाईच्या कपाळी काय लिहिलंय हा आहे. बसूंचे रुग्ण वेगळं बोलत होते याचं नवल वाटायला नको.


पुरावा द्या
बुधवार, सायंकाळी ६:३०

लोककथा हा पुरावा नव्हे. पण बसूंचा मुद्दा मला आवडला, कारण तो निदान ‘इथे असं दिसत नाही’ म्हणतो. ‘दिसत नाही’ म्हणता येणं ही विज्ञानाची पहिली पायरी.

युंगबद्दल कुणी फारसं बोललं नाही हे बरं झालं. आमच्या कंपनीत दर वर्षी एचआरवाले चार अक्षरी स्वभावाचं प्रमाणपत्र देतात, तो त्याच्याच १९२१ च्या पुस्तकाचा नातू. मला दोन वर्षांत दोन वेगळी अक्षरं मिळाली.


सोनटक्का
बुधवार, रात्री ९:००

नातवाचे गुन्हे आजोबांवर घालू नका. निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख कुणी नसतं, हे युंग स्वतःच सांगून गेलाय. लग्नाच्या बायोडेटात ‘स्वभाव: अंतर्मुख’ लिहिणाऱ्यांनी त्याला विचारलं नव्हतं. बाकी १९०७ मध्ये पहिल्या भेटीत तो आणि फ्रॉइड तेरा तास बोलत बसले म्हणतात, आणि १९१३ मध्ये खाजगी पत्रसुद्धा बंद. बापलेकाच्या सिद्धांताला ह्याहून चांगलं उदाहरण फ्रॉइडला मिळालं नसतं.

चहाताई, तुमच्या मूळ मुद्द्याला माझ्याकडून एक भर. एरिक एरिक्सन, हाही मनोविश्लेषकच. खरा बाप कोण हे आईने कधी सांगितलं नाही. ज्यू घरात वाढला, पण उंच, सोनेरी केसांचा, म्हणून ज्यू मुलं त्याला परका म्हणायची. शाळेतली जर्मन मुलं ज्यू म्हणायची. व्हिएन्नात फ्रॉइडच्या मुलीच्या, ॲना फ्रॉइडच्या हाताखाली शिकला, १९३३ मध्ये अमेरिकेला गेला, आणि तिथलं नागरिकत्व घेताना आडनाव लावलं एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. स्वतःचाच बाप झाला. ‘आयडेंटिटी क्रायसिस’ हा शब्द त्याने रूढ केला. त्याने स्वभावाची घडण सहाव्या वर्षी संपवली नाही, म्हातारपणापर्यंत आठ टप्प्यांत नेली. पुढे गांधींवर लिहायला अहमदाबादच्या १९१८ च्या गिरणी संपाचा माग काढत आला, आणि त्या पुस्तकाच्या मधोमध थांबून गांधींनाच एक लांब पत्र लिहून बसला, त्यांच्या ब्रह्मचर्याबद्दल आणि घरच्यांशी वागण्याबद्दल तक्रार करणारं. गांधी जाऊन वीसेक वर्षं झाली होती.


दुपारचा चहा
गुरुवार, दुपारी ३:३०

सगळ्यांचे आभार. लेकीला धागा वाचायला दिला. हॉर्नायचे दोन रकाने तिने वहीत उतरवून घेतले. ‘ते’ मात्र पेपरात लिहिणार नाही म्हणाली, तपासणाऱ्या बाई इदम् शोधतात. “पण डोक्यात ‘रडू फुटलं’ ठेवीन,” म्हणाली.

@पुरावा द्या, एक राहिलंच. ती ‘सासू’ काय होती?


पुरावा द्या
गुरुवार, सायंकाळी ७:१०

‘सवय’ होतं. ‘सवय नाही.’ मोबाइलचा कीबोर्ड शब्द बदलतो. यात अबोध मन वगैरे काही नाही.


टिवल्याबावल्या
गुरुवार, सायंकाळी ७:१२

कीबोर्ड तुम्ही नेहमी टाइप करता तेच शब्द सुचवतो ना पण?


पुरावा द्या
गुरुवार, सायंकाळी ७:३५

परवापासून आमच्याकडे राहायला आल्या आहेत. महिनाभर आहेत. यावर कृपया कुणी काही लिहू नये.